परवडणारी व्हिस्की, नाव झाकून : प्रकल्प नोंदी

२२ मार्च २०२५, नाशिक

आजपासून नोंदी ठेवते आहे. काम असं: आपल्या वाईन शॉपमध्ये रोज खपणाऱ्या, खिशाला झेपणाऱ्या व्हिस्की नाव झाकून चाखायच्या, आणि जास्त पैसे मोजले की बाटलीत नेमकं काय जास्त येतं ते शोधायचं. जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या व्हिस्कींच्या यादीत वरच्या जागा भारतीय नावांच्याच असतात. पण त्यांच्याबद्दल नीट लिहिलेलं फार कमी सापडतं. महागड्या स्कॉचवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि कोट्यवधी लोक जे पितात त्यावर फक्त ‘चालते’ एवढाच शेरा. हे मला बरोबर वाटत नाही.

यादी ठरली. ऑफिसर्स चॉइस (१९८८), मॅकडॉवेल्स नंबर वन (१९६८), इम्पीरियल ब्ल्यू (१९९७) हा पहिला गट. रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइड, दोन्ही १९९५ च्या, हा दुसरा. आणि इथेच बाटलीबंद होणाऱ्या स्कॉच, म्हणजे १०० पायपर्स आणि टीचर्स, हा तिसरा. शक्य तिथे क्वार्टरच घ्यायची. खंबे आणून ठेवले की ते संपवायची घाई होते आणि चाखणं बाजूला राहतं.

मंडळी चार: मी, दीर, ऑफिसातली मैत्रीण आणि शेजारचे काका. नवरा घेत नाही, त्यामुळे ओतायचं, खुणा घालायचं आणि वही ठेवायचं काम त्याच्याकडे. सगळे पंचविशीच्या पुढचे, सगळ्यांकडे परवाना. एका घोटाला १० मिली, गिळायची सक्ती नाही, तस्त शेजारी ठेवलेलं. कोणी गाडी काढायची नाही, मैत्रीण रिक्षाने येणार-जाणार.

२९ मार्च

आज चाखणं नाही, फक्त बाटल्यांच्या पाठी वाचल्या. भिंगातून वाचाव्या लागल्या, अक्षर इतकं बारीक.

सगळ्यांवर ४२.८ टक्के. हा विचित्र आकडा ब्रिटिशांच्या जुन्या ‘प्रूफ’ मोजणीतून आला आहे. त्यांच्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे पंच्याहत्तर टक्के काढले की ४२.८ येतात. म्हणून काही लेबलांवर अजून ‘७५ प्रूफ’ किंवा ‘२५ अंडर प्रूफ’ दिसतं. ब्रिटिश गेले, माप राहिलं.

मग घटक. न्यूट्रल स्पिरिट, माल्ट स्पिरिट (मोड आणलेल्या सातूचं), पाणी, कॅरॅमल रंग. कुठे आयात केलेल्या स्कॉच माल्टचा उल्लेख. आरोग्याचा इशारा ठळक आहे आणि तो तसा असायलाच हवा. पण माल्ट किती टक्के? मी हातात घेतलेल्या एकाही ब्लेंडवर, म्हणजे मिश्र व्हिस्कीवर, ते नाही. बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाचं पीठ किती टक्के ते छापलेलं असतं. इथे ज्या एका गोष्टीवर चव ठरते तोच आकडा गायब.

न्यूट्रल स्पिरिट म्हणजे कारखान्यात ९६ टक्क्यांच्या आसपास ऊर्ध्वपातन करून काढलेलं अल्कोहोल. ते मळीचं असो, तुकडा तांदळाचं असो की मक्याचं, इतक्या वर नेलं की मूळ पदार्थाची चव जवळजवळ उरत नाही. ऊस पट्ट्यातल्या माणसाला मळी वेगळी सांगायला नको. युरोपीय संघाच्या नियमात व्हिस्की धान्याचीच लागते, ९४.८ टक्क्यांच्या खाली काढलेली आणि ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली. म्हणून मळीच्या स्पिरिटवर उभी असलेली व्हिस्की तिकडे ‘व्हिस्की’ या नावाने विकता येत नाही. आपल्याकडे येते. माझं म्हणणं ती विकू नये असं नाही. आत काय आहे ते सांगून विकावी, एवढंच.

६ एप्रिल

भांडी आणि पाणी.

रंग दिसला की मन आधीच कौल देतं. गडद म्हणजे जुनी असं डोळ्यांना वाटतं, आणि कॅरॅमलचा रंग तर स्कॉचमध्येसुद्धा घालायला परवानगी आहे. व्यावसायिक ब्लेंडर, म्हणजे व्हिस्कीची मिश्रणं जुळवणारे, यासाठी निळ्या काचेचे ग्लास वापरतात. आमच्याकडे पहिला विचार स्टीलच्या फुलपात्राचा आला. पण फुलपात्र वरून उघडं होत जातं, वास बाहेर पसरून जातो. शेवटी तोंडाशी आत वळलेले छोटे ग्लास घेतले आणि बाहेरून कागद गुंडाळला. ओतल्यावर वर बशी झाकायची, पाच मिनिटांनी बशी उचलून लगेच नाक न्यायचं. हा बशीचा उपाय फार कामाचा निघाला. पहिल्या दोन श्वासांत जे येतं ते नंतर पुन्हा तितकं स्पष्ट येत नाही.

सगळं २० टक्क्यांवर आणून चाखायचं. ब्लेंडर मंडळी वास घेताना साधारण एवढ्यावरच आणतात, कारण त्यापुढे अल्कोहोलच नाक भरून टाकतं. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीला ३४ मिली पाणी. मेडिकलमधून आणलेली १० मिलीची सिरिंज मापाला. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येतो म्हणून उकळून गार केलेलं पाणी.

उन्हाची नोंद: दुपारी खोलीत बसवत नव्हतं आणि ग्लासातून स्पिरिटच्या वाफाच नाकात जात होत्या. यापुढे रात्री नऊनंतर, आणि ग्लास माठाशेजारी ठेवून.

वासाच्या बरण्या केल्या, म्हणजे चौघांचे शब्द एक होतील. नाचणीचं सत्त्व, काकवी, मध, सुकं खोबरं, लवंग, व्हॅनिला इसेन्स, संत्र्याची साल. इंग्रजी टिपणांतले हेदर आणि मार्झिपान आमच्यापैकी कोणी हुंगलेलं नाही, ते शब्द वहीत येणार नाहीत. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, त्यामुळे मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाची बरणी त्याला सगळ्यांत जवळची.

१३ एप्रिल

पहिला गट. क, ख, ग अशा खुणा.

तिन्ही हलक्या, तिन्ही गोडसर, आणि तिन्हींत फरक सांगताना चौघांची वेगवेगळी उत्तरं. त्रिकोणी चाचणीही घेतली: तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कोणती ते ओळखायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे त्याहून बरंच जास्त जमलं तर खरा फरक. या गटात आमची मजल त्या नशिबाच्या फार पुढे गेली नाही. काकांना मात्र मॅकडॉवेल्स वारंवार ओळखू आली. ते म्हणाले, “हिच्यात शेवटी काकवी येते बघ.” बरणी पुढे केली तर खरंच तसंच.

पानभर लिहावं असा फरक इथे नाही. या गटात जी स्वस्त आणि जवळच्या दुकानात मिळते ती घ्यावी.

३ मे

आजचा प्रयोग या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

लेबल माल्टचा आकडा सांगत नाही, तर आपणच जिभेला तो आकडा शिकवायचा. साधी, बिनवासाची भारतीय व्होडका आणली. ती म्हणजे न्यूट्रल स्पिरिट आणि पाणीच, तीही ४२.८ टक्क्यांची. दुसरीकडे शुद्ध माल्ट हवी होती, तिला अमृतची साधी सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, निव्वळ माल्टची व्हिस्की) घेतली, पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या जळणाचा, धूर नसलेली, ४६ टक्क्यांची. ही या यादीतली नाही, महाग आहे, फक्त मापासाठी. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाची ही कंपनी १९४८ ची, आणि त्यांनी आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती २००४ साली थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत. स्कॉटलंडमध्ये मुरताना पिंपांतून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूच्या उन्हात १० ते १२ टक्के. लाकडाची चवही इथे भराभर उतरते. भारतीय माल्ट स्वस्त का होऊ शकत नाही याचं बरंचसं उत्तर त्या उडून जाण्यात आहे.

दोन्ही २० टक्क्यांवर आणल्या. मग सिरिंजने २० मिलीचे ग्लास भरले:

१ मिली माल्ट, १९ मिली व्होडका (५ टक्के). वास ओळखू येत नाही. पण नुसत्या व्होडकाशेजारी ठेवला तर स्पिरिटची जी धार नाकाला लागते ती बोथट झालेली कळते.

२ मिली (१० टक्के). बशी उचलताच नाचणीच्या सत्त्वाचा वास, क्षणभर. दुसऱ्या श्वासाला गेला. मैत्रिणीला आला, दिराला नाही.

४ मिली (२० टक्के). इथे चौघांनीही, एकमेकांशी न बोलता, ‘व्हिस्की’ असं लिहिलं.

८ मिली (४० टक्के). वासात शुद्ध माल्टपासून वेगळा काढणं अवघड. घोट घेतल्यावर कळतो. शुद्ध माल्ट गिळल्यावरही टाळूला कोरडं लाकूड आणि धान्य रेंगाळत राहतं, यात ते लवकर संपतं.

हे चार आणि नुसत्या व्होडकाचा, असे पाचही ग्लास धुतले नाहीत. रात्रभर उघडे ठेवले.

४ मे, सकाळी

रिकामे ग्लास हुंगले. अल्कोहोल उडून गेलेलं, जे उरलं ते खरं. व्होडकाच्या ग्लासात काहीच नाही, ओल्या काचेचा वास. ५ टक्क्यांच्यातही जवळजवळ काही नाही. १० टक्क्यांच्यात अंधूक. २० टक्क्यांच्या ग्लासात, कुरडयांसाठी गहू भिजवल्यावर तिसऱ्या दिवशी जो आंबूस-गोड वास येतो तो, आणि त्याच्या मागे फळीचं लाकूड. ४० टक्क्यांच्यात हेच, पण दुपारपर्यंत टिकलं.

ही चाचणी कोणालाही फुकटात घरी करता येते. रात्री घेतलेला ग्लास न धुता ठेवायचा आणि सकाळी हुंगायचा.

१७ मे

यादीतल्या पाच भारतीय व्हिस्की या पायऱ्यांशेजारी लावल्या. पहिल्या गटाची जागा, धान्याच्या वासापुरती, आमच्या नाकाने ५ आणि १० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी ठरवली. रॉयल स्टॅग १० च्या पुढे. ब्लेंडर्स प्राइड २० टक्क्यांच्या ग्लासाला जवळची, आणि सकाळच्या रिकाम्या ग्लासातही तिनेच सर्वांत जास्त मागे ठेवलं.

हे आमच्या नाकाचे अंदाज आहेत, कंपन्यांचे आकडे नव्हेत. जोराच्या चवीची थोडी माल्ट आणि सौम्य चवीची जास्त माल्ट नाकाला सारखीच वाटू शकते. शिवाय काही ग्लासांत व्हॅनिला आणि मधाचा असा गोडवा होता जो आमच्या पायऱ्यांवर कुठेच बसत नव्हता. म्हणजे चवीत माल्टखेरीज आणखी काही हिशेब आहे. लेबलवर आकडा असता तर हे सगळं करावंच लागलं नसतं.

दिंडोरी इथून जवळ. तिथे रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइड बनवणाऱ्या पेर्नो रिकार कंपनीची माल्ट गाळणारी डिस्टिलरी आहे, २०२२ मध्ये आलेली लाँजिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट तिथलीच. म्हणजे माल्ट बनते आपल्याच जिल्ह्यात, आणि ब्लेंडमध्ये किती पडते ते आपल्याला ठाऊक नाही.

२४ मे

सोडा. अवकाळी पावसाने हवा गार, त्यामुळे आज बरं वाटलं.

एकास तीन सोडा आणि बर्फ, जसं बहुतेक लोक घेतात तसं. थंडीने वास दबतो, बुडबुड्यांची आंबट चुरचुर जिभेवर बसते. रॉयल स्टॅग आणि पहिला गट यांतला फरक चौघांनाही सांगता येईना. चकणा आणल्यावर तर विचारूच नये. नाशिकचा तिखट चिवडा तोंडात असताना कोणतीही व्हिस्की कोणतीही असते. चाखताना फक्त बिनमिठाचे चुरमुरे.

ज्याला सोडा, बर्फ आणि चिवड्यासोबतच घ्यायची आहे त्याने वरच्या गटाला पैसे देऊ नयेत, हे माझं ठाम मत.

११ जून

काल मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. निर्मितीमूल्य लिटरला २६० रुपयांपर्यंत असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट. १८० मिलीची किमान किंमत आता देशीला ८० रुपये, नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ गटाला १४८, भारतीय बनावटीच्या विदेशीला २०५ आणि प्रीमियम विदेशीला ३६०. महाराष्ट्र मेड लिकर हे धान्याचंच असेल आणि इथल्याच उत्पादकांना बनवता येईल.

‘परवडणारी’ या शब्दाची हद्दच एका दिवसात सरकली, त्यामुळे किमतीच्या जुन्या रकान्यावर काट मारली.

पण याहून महत्त्वाचा हिशेब वेगळा आहे. शुल्क निर्मितीमूल्याच्या पटीत लागतं. समजा कारखान्याने बाटलीत १० रुपयांची जास्त माल्ट घातली. त्यावर शुल्कच ४५ रुपये, वर विक्रीकर आणि दुकानदाराचा नफा. गिऱ्हाइकाला ते १० रुपये साठाच्या घरात पडणार. अशा हिशेबात माल्ट वाढवायला कोण धजावेल? आणि गिऱ्हाईक दोन बाटल्यांच्या किमतीतला फरक पाहून आतला फरक ताडू लागलं तर फसणार, कारण त्या फरकातला मोठा वाटा सरकारी तिजोरीत गेलेला असतो. सरकारने महसूल घ्यावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच लेबलवर माल्टची टक्केवारी छापायला लावावी. त्याला एक पैसा खर्च नाही.

२८ जून

तिसरा गट, स्कॉच. या मोठ्या पिंपांतून आयात होऊन इथे बाटलीत भरल्या जातात, त्यामुळे तिकडून बाटलीबंद आलेल्यांपेक्षा स्वस्त पडतात.

१०० पायपर्स: मऊ, मध, संत्र्याची साल, धान्य. काही बोचत नाही. टीचर्स: बशी उचलली आणि काका म्हणाले, “अगं, हे बंबाचं पाणी!” आम्ही सगळे थांबलो. लहानपणी आजोळी तांब्याच्या बंबात लाकडं घालून तापवलेल्या पाण्याला जो धुराचा वास लागतो, हुबेहूब तो. टीचर्सच्या ब्लेंडमध्ये आर्डमोर डिस्टिलरीची पीटच्या धुरावर वाळवलेल्या सातूची माल्ट असते, त्याचा हा धूर. इतका नेमका शब्द मला कुठल्याही इंग्रजी टिपणात मिळाला नव्हता. वहीत धुराच्या रकान्याला आता ‘बंब’ हेच नाव.

गंमत पाण्याची. पाणी न मिसळता घेतली तेव्हा धूर होता पण दबका. २० टक्क्यांवर आणली तेव्हा उघडला. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर हेच तपासलं होतं. ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो, ५९ टक्के आणि त्यापुढे मात्र आत ओढला जातो. पाणी घातलं की तो आणखी वर येतो, म्हणजे नाकाजवळ. ‘पाणी घातलं की व्हिस्की बिघडते’ असं सांगणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

२० जुलै

शेवटची फेरी, कारण शुक्रवारपासून श्रावण. काका आणि दीर दोघेही पाळतात.

सगळ्या सात, २० टक्क्यांवर, क्रम नवऱ्याने चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. टीचर्स प्रत्येकाने ओळखली, बंबामुळे. पहिला गट आजही आपसात मिसळला. खरी चुरस ब्लेंडर्स प्राइड आणि १०० पायपर्समध्ये होती. त्रिकोणी चाचणीत मैत्रिणीने वेगळा ग्लास बहुतेकदा बरोबर काढला, दिराला जमलं नाही, मला कधी जमलं कधी नाही. फरक वासात नव्हे, शेवटात आहे. १०० पायपर्स गिळल्यावर धान्य थोडं जास्त वेळ राहतं.

चौघांचा मिळून कौल:

साध्या पाण्यासोबत, सावकाश घ्यायची असेल तर टीचर्स. धूर नको असेल तर १०० पायपर्स. त्याखालच्या पैशांत ब्लेंडर्स प्राइड, आणि ही मला या यादीतली सगळ्यांत चोख खरेदी वाटते. सोड्यासोबत रॉयल स्टॅग किंवा त्याखालची कोणतीही. काकांना त्यांची मॅकडॉवेल्सच आवडते, आणि काकवी ओळखणाऱ्या माणसाच्या आवडीला मी पूर्ण मान देते.

२६ जुलै

एकाच आठवड्यात दोन बातम्या, दोन्ही या वहीत बसणाऱ्या.

२३ तारखेला जाहीर झालं की इम्पीरियल ब्ल्यूचा धंदा पेर्नो रिकारकडून टिळकनगर इंडस्ट्रीज घेणार, सुमारे ४,१५० कोटींना. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची ही कंपनी, १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्स म्हणून उभी राहिलेली. साखर, मळी, स्पिरिट आणि आता देशातल्या सर्वांत खपणाऱ्या व्हिस्कींपैकी एक. बाटलीतलं मिश्रण बदलतं का ते पाहायला हवं, म्हणून आत्ताच्या क्वार्टरमधला नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बुचाला मेण लावून ठेवला.

२४ ला, दिव्यांच्या अवसेच्या दिवशी, भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. करार लागू झाला की स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर, पुढे दहा वर्षांत ४० वर. आयात शुल्क हा किमतीचा एक भाग, राज्याचं उत्पादन शुल्क वेगळंच, त्यामुळे दुकानातली किंमत निम्मी होईल अशी आशा कोणी धरू नये. पण इथल्या ब्लेंडमध्ये पडणारी स्कॉच माल्टही स्वस्त होईल. ती बचत जास्त माल्टच्या रूपाने बाटलीत उतरते की नाही, हे पुढच्या फेरीत नाकानेच तपासायचं.

श्रावण आणि गणपतींनंतरची कामं: इम्पीरियल ब्ल्यूचा जुना नमुना आणि नवी बाटली, त्रिकोणी चाचणी. महाराष्ट्र मेड लिकर दुकानात आलं असेल तर पायऱ्यांशेजारी. ओकस्मिथ ही व्हिस्की राहिली आहे, ती दुसऱ्या गटात. नाचणीच्या सत्त्वाची बरणी बदलायची, जुन्याला खवट वास यायला लागला आहे. आणि लेबलवर माल्टची टक्केवारी छापण्याबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाला पाठवायचं पत्र, त्याचा मसुदा मैत्रिणीकडे दिला आहे.